मैत्रिणीला निरोप दिलाच नाही, आता सांगू का?

प्रश्न: मावशी, मी बारावीत आहे, नौपाड्यात राहते. माझी मैत्रीण पाचवीपासूनची. तिला सगळं सहज जमतं, मला घोकावं लागतं. कॉलेजच्या एकांकिकेची निवड तीनऐवजी साडेबाराला ठरली. तिचा फोन दुरुस्तीला होता, म्हणून तिच्या आईला फोन करून मीच कळवायचं होतं. कळवलं नाही. ती घोडबंदरहून पोहोचेपर्यंत भूमिका वाटून झाल्या होत्या. मलाही मिळाली नाही. संध्याकाळी तिनेच मला स्टेशनजवळ वडापाव खायला घातला, ‘तुला तरी मिळायला हवी होती गं’ म्हणाली. मग ‘अ सेपरेट पीस’ कादंबरी वाचली आणि झोपच उडाली. मी जीनसारखी आहे का? तिला सांगू का?

उत्तर: ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जॉन नोल्सची ही कादंबरी 1959 ची. काळ 1942 चा उन्हाळा, अमेरिकेतली मुलांची निवासी शाळा. जीन अभ्यासात पुढे, फिनी खेळात आणि माणसं जिंकण्यात. नदीत उडी मारायला दोघं झाडावर चढतात, जीन फांदी हलवतो, फिनी खाली पडतो. पाय मोडतो, खेळ कायमचा सुटतो.

सगळ्यांना ती फांदी लक्षात राहते. मला त्याच्या जरा आधीची पानं जास्त बोचतात. गणिताच्या परीक्षेत आपटल्यावर जीनने ठरवूनच टाकलेलं असतं, की फिनी आपल्याला मुद्दाम अभ्यासावरून उठवतो. म्हणजे तोही आपल्यावर जळतो, फिटंफाट! जीनला बरं वाटतं. मग फिनी सहज बोलून जातो, की तुला अभ्यास करावा लागतो हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं तुला आपोआप येतं. त्याच्या मनात काही नव्हतंच. जळत होता तो एकटा जीन. आणि लगेच दोघं झाडावर.

तुझ्या पत्रातलं दीड पान मी वर गाळलंय. ती तुझी नक्कल कशी करते, तुझ्या वह्या परत येतात तेव्हा पानांचे कोपरे कसे दुमडलेले असतात, याची ती जंत्री. कोपऱ्यांचा राग खरा असेल. पण हे सगळं निवडीच्या दिवसानंतरच आठवू लागलं, असं तूच लिहितेस. तिचं काहीतरी चुकलेलं तुला हवं होतं, आणि तिने तर वडापाव खायला घातला.

हेवा वाटला एवढ्याने तू जीन होत नाहीस. भूमिका शेवटी तिसऱ्याच मुलीला मिळाली, तिच्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. हेवा जवळच्याचाच वाटतो. निरोप दाबलास, ती मात्र करणी आहे, आणि तिची भूमिका त्यात गेली.

तेव्हा सांग. फक्त कसं, ते बघ. जीनही फिनीच्या घरी जाऊन कबूल करतो, पण तेव्हा फिनी अजून दुखण्यातून उठलेला नसतो. तो ऐकूनच घेत नाही आणि जीनला शब्द मागे घ्यावे लागतात. स्वतःचं ओझं उतरवायची घाई झाली, की असं होतं. तिची प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी नको. मेसेजवर तर नकोच. तलावपाळीला चक्कर मारायला बोलाव आणि सरळ सांग: ‘वेळ बदललेली मला माहीत होती, मी मुद्दाम कळवलं नाही.’ पाचवीपासूनचा हेवा तिच्यापुढे उलगडत बसू नकोस, आणि रडूही नकोस (निदान आधी तू नको), नाहीतर पुन्हा तिलाच तुझी समजूत काढावी लागेल.

ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. बोलू दे नाहीतर नको, मध्ये दुसऱ्या मैत्रिणींना घालू नकोस.

तिला सांगून झालं, की एकांकिका बसवणाऱ्या सरांनाही सांग, की तिला वेळ कळलीच नव्हती, चूक माझी. बदली कलाकार म्हणून का होईना, ते तिचं वाचन ऐकतील. हे या आठवड्यातच कर. एकदा तालमी सुरू झाल्या, की सर कुणाचं ऐकत नाहीत.