नडलेल्याला नाडणं

प्रिय पिल्लू,

परवा फोनवर आजी म्हणाली, "त्या घरमालकानं पोरीला चांगलंच नाडलं." लगेच तुझा मेसेज: दादा तर चिडला की 'मला नडू नकोस' म्हणतो, मग घरमालक माझ्याशी भांडला कुठे?

दादाचं नडणं म्हणजे आडवं जाणं, वाकड्यात शिरणं. आजीसमोर म्हटलंस तर ती नाक मुरडेल. तिच्या बोलण्यात नडणं म्हणजे अडचण होणं: 'घाई नडली', 'अतिशहाणपणा नडला', 'अडल्यानडल्याला हात द्यावा'. 'पडणे' आणि 'पाडणे', 'मरणे' आणि 'मारणे', तशीच मला 'नडणे' आणि 'नाडणे' ही जोडी वाटते.

मग सरळ 'फसवलं' का नाही म्हणाली? फसलेल्याला मागाहून कळतं गं. नाडला जातो त्याला तेव्हाच सगळं दिसत असतं, पण इलाज नसतो. कॉलेज दोन दिवसांवर, बॅगा दारात. जादा डिपॉझिट तू डोळ्यांदेखत मोजलंस. तुझी नड त्यानं ओळखली होती.

'गैरफायदा' चाललं असतं, पण तो जरा पेपरातला शब्द. शिवाय गैरफायदा कुणाच्या भिडेचा, चांगुलपणाचाही घेतात. नाडायला समोरचा अडलेलाच लागतो.

हा शब्द ऐकला की मला आधी सावकार आठवतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि इथल्या कापसाचे त्या युद्धामुळे चढलेले भाव उतरले. शेतसारा मात्र वाढला. बियाण्यालाही पैसा नाही, म्हणून शेतकरी सावकाराच्या ओसरीवर जायचा आणि तो लिहील त्या रोख्याला मान डोलवायचा. शेवटी १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक उठले. उठाव गावोगाव पसरला. बहुतेक ठिकाणी त्यांना हवे होते ते कर्जरोखेच. हाती लागले तसे जाळले. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

वापरताना एक सांभाळ: नाडतात ते माणसाला. 'संधी नाडली' असलं काही लिहून आजीला पाठवू नकोस, आठवडाभर हसेल.

आणि हो, त्या डिपॉझिटची पावती घेतलीस का? फोटो पाठव. आजी रोज विचारतेय.

तुझी
आई