बोटांच्या ठशांत गणित दिसतं का?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेत आलेल्या एका संस्थेने बोटांचे ठसे घेऊन ‘उजवा मेंदू प्रबळ, गणित जमणार नाही’ असा अहवाल दिला. तेव्हापासून ती गणिताला हातच लावत नाही. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तो अहवाल रद्दीत घाला. ठसे आईच्या पोटातच ठरतात आणि जन्मभर तसेच राहतात. मेंदूतल्या जोडण्या मात्र शिकताना बदलत जातात. ठशांवरून बुद्धी ओळखण्याला शास्त्रीय आधार नाही. ‘उजवा-डावा मेंदू’ हे खूळ मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या संशोधनाचा विपर्यास आहे. अपस्मारावरच्या (फिट येण्याच्या आजारावरच्या) शस्त्रक्रियेत मेंदूच्या दोन अर्धांमधला दुवा कापलेल्या रुग्णांवर त्यांनी काम केलं. १९८१ चं नोबेलही मिळालं. तुमच्या लेकीचा दुवा शाबूत आहे!

मी गणितच शिकवलं. भूमितीला घाबरणाऱ्या मुली ठिपक्यांची रांगोळी बिनचूक काढायच्या, सममिती आणखी काय असते? लेक न सांगता कशात रमते ते महिनाभर पाहा, लिहून ठेवा. गणिताचं रोज एकच उदाहरण वही मिटून, आठवून सोडवू द्या. तेच दोन दिवसांनी पुन्हा. वाचत बसण्यापेक्षा आठवण्याने जास्त टिकतं.

आणि हो, चाचणीचे पैसे घेतले असतील तर परत मागा.