मानववंशशास्त्रीय संग्रहालयात क्युरेटरचं काम आता नक्की काय बदललंय?

पूर्वी वस्तू कुठली, कशासाठी वापरायचे, कशी मांडायची यावर शेवटचा शब्द क्युरेटरचा, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाचा, असायचा. आता ज्या समाजाची वस्तू आहे, त्याला आधी विचारावं लागतं.

अमेरिकेतल्या झुनी या मूळनिवासी जमातीचं उदाहरण घ्या. त्यांच्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती उघड्यावर ठेवतात, ऊन-पावसात झिजून मातीला मिळाव्यात म्हणूनच. संग्रहालयांनी त्या काचेआड जपल्या होत्या. झुनींनी मागितल्यावर बऱ्याच परत गेल्या, त्याही झिजायलाच. जपणं हाच ज्याचा धर्म, त्याला हे पचायला जडच!

१९९० मध्ये तिथे मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू मूळनिवासी जमातींना परत करण्याचा कायदा झाला. २०२४ च्या नव्या नियमांनुसार तर अशा वस्तू नुसत्या मांडायलाही संबंधित जमातींची संमती लागते. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने लगेच दोन मोठी दालनं बंद केली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्येच मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले होते.

त्यामुळे क्युरेटरचा बराच वेळ आता जुन्या नोंदवह्या उकरण्यात जातो: वस्तू विकत घेतली, भेट मिळाली की लुटून आणली? शिवाय एक भानगड सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कीड लागू नये म्हणून पूर्वी वस्तूंना आर्सेनिक हे विष लावत. परत दिलेला मुखवटा विधीत कुणी तोंडावर चढवणार असेल, तर आधी त्याची तपासणी करावी लागते.

बाकी काही ठिकाणी ‘समाजाशी सल्लामसलत’ म्हणजे सगळं ठरल्यावर बोलावलेली एक बैठक असते, हेही खरं.