सरासरी ठणठणीत, मग सिस्टीम रखडते कशी?

कॉलेजच्या लॅबमधल्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या सर्व्हरवर) लोड ४० दिसतो, पण सीपीयू जवळजवळ रिकामा. मॉनिटरिंग खोटं बोलतंय का? (विश्रामबाग, सांगली)

नाही, दोन्ही आकडे खरे. लिनक्सच्या लोडमध्ये फक्त सीपीयूसाठी ताटकळणाऱ्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) नसतात. डिस्ककडून किंवा एनएफएसकडून (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या यंत्रणेकडून) उत्तर येईपर्यंत 'डी' अवस्थेत अडकलेल्याही मोजल्या जातात. 'पीएस' ही प्रोसेसची यादी देणारी कमांड चालवून असे किती 'डी' आहेत ते बघा. मुलांच्या होम डिरेक्टरी एकाच एनएफएस सर्व्हरवर असतील, तर आधी त्याच्या डिस्क तपासा. आणि 'आयओवेट' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो मोकळ्या सीपीयूचाच एक हिस्सा असतो. सीपीयूला दुसरं काम मिळालं की आकडा उतरतो, डिस्क मात्र होती तिथेच.

आमच्या हॉस्पिटलचे स्कॅन तीन नोडच्या (सर्व्हरच्या) सेफ क्लस्टरवर आहेत (सेफ, म्हणजे Ceph, ही अनेक डिस्कवर डेटा विखरून ठेवणारी स्टोरेज यंत्रणा). डॅशबोर्ड हिरवागार, तरी डॉक्टर म्हणतात इमेज उघडायला वेळ लागतो. (मिरज)

डॉक्टरांचं ऐका. तुमचा डॅशबोर्ड बहुधा सगळ्या डिस्कची सरासरी दाखवतोय. समजा १२ डिस्क आहेत. ११ जणी १० मिलिसेकंदांत उत्तर देतात आणि एक ४०० घेते. सरासरी येते ४२च्या आसपास, आणि तेवढ्यावर कुठलाही अलार्म वाजत नाही. पण सेफ मोठ्या फाइलचे साधारण ४ एमबीचे तुकडे करून ते सगळ्या डिस्कवर विखुरतं. म्हणजे मोठ्या स्कॅनचा एखादा तुकडा त्या आजारी डिस्कवर असणारच, आणि तो हाती आल्याशिवाय इमेज पुरी होत नाही. सेफ डेटाच्या एकाहून जास्त प्रती ठेवतं, त्यामुळे लिहिताना तर सगळ्या प्रतींची पोच मिळेपर्यंत थांबावं लागतं.

'सेफ ओएसडी पर्फ' ही प्रत्येक डिस्कचा विलंब दाखवणारी कमांड चालवा आणि कोणती डिस्क बाकीच्यांपेक्षा सतत वर आहे ते शोधा. सापडली की तिच्यावर 'स्मार्टसीटीएल' (डिस्कची तब्येत तपासणारी कमांड) चालवून पेंडिंग (वाचायला अडणारे) आणि रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर वाचा. हे आकडे वाढत असतील तर ती 'आउट' करा, म्हणजे सेफला तिच्यावरचा डेटा दुसरीकडे हलवायला सांगा. पण आधी उरलेल्या डिस्कवर जागा पुरेल ना ते बघा आणि काम ओपीडी संपल्यावर सुरू करा, कारण डेटा हलवायचा भारही या उरलेल्या डिस्कवर पडतो. 'बघू पुढच्या महिन्यात' करत बसू नका.

गाळप हंगामात वजनकाट्याच्या पावत्या मध्येच अडकतात. 'सार'च्या (सिस्टीमच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदींत काहीच सापडत नाही. (वाळवा तालुका)

'सार' सहसा १० मिनिटांची सरासरी साठवतो. त्यात २० सेकंदांची अडचण कुठे दिसणार? ऊसगाड्यांची रांग लागते त्या वेळेपुरतं 'आयोस्टॅट' (डिस्कच्या कामाचे आकडे देणारी कमांड) एक-एक सेकंदाने चालवून फाइलीत टाका. पहिला अहवाल सोडून द्या. तो मशिन चालू झाल्यापासूनचा असतो. सोबत 'पिडस्टॅट'ला (प्रत्येक प्रोसेसचे आकडे देणाऱ्या कमांडला) डिस्कची नोंद करायला लावा, म्हणजे कोणती प्रोसेस लिहीत होती ते कळेल. भर दुपारी सुरू होणारा बॅकअप निघाला तर मला तरी नवल वाटणार नाही. सर्व नोडची घड्याळं 'क्रोनी' या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने जुळवलेली हवीत, नाहीतर एका नोडची नोंद दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही.

एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी डिस्कवर) 'आयोस्टॅट'मधला 'युटिल' १०० टक्के. नवीन घ्यावी का? (तासगाव)

एवढ्यावरून नको. तो आकडा फक्त सांगतो की डिस्कवर सतत काही ना काही काम चालू होतं. एनव्हीएमई एका वेळी अनेक कामं उरकते, त्यामुळे १०० टक्क्यांनंतरही तिच्यात दम उरलेला असू शकतो. 'अवेट' (एका कामाला लागणारा सरासरी वेळ) आणि रांगेची लांबी बघा. काम तेवढंच असून दोन्ही चढत असतील, तेव्हा कोटेशन मागवा.