ट्रान्सफर विंडो बंद झाल्यानंतर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद झाली त्याच रात्रीचं दिसतंय. तुझ्या फुटबॉल क्लबने गोल करणारा एकही स्ट्रायकर घेतला नाही, क्लबच्याच अकादमीत घडून वर आलेला तुझा लाडका मिडफिल्डर विकला, आणि वर अध्यक्ष म्हणतात, ‘आहे त्या संघावर आमचा विश्वास आहे.’ सीझन तिकीट सोडून देऊ का, असं विचारतोस. इतक्यात नको. पण तुझ्या ‘पैसे ओता, नाहीतर चालते व्हा’ या घोषणेबद्दल मला बोलायचं आहे. मीही ती बेंबीच्या देठापासून दिलेली आहे.

इंग्लंडच्या लीड्स युनायटेड क्लबच्या मालकांनी पैसे ओतले होते. पुढच्या अनेक हंगामांच्या तिकीटविक्रीवर 6 कोटी पौंडांचं कर्ज काढलं. 2001 मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत पोहोचला, चाहते हवेत होते. मग त्या स्पर्धेत पुन्हा जागा मिळाली नाही आणि हप्ते थकले. 2004 मध्ये प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीतून खाली, 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीत. उभारी होती, हिशेब नव्हता. म्हणून तू आधी हिशेब माग.

तुझा मिडफिल्डर का गेला, हे ताळेबंदात सापडेल. खेळाडू 5 कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर खर्च दरवर्षी 1 कोटी असा मांडतात. विक्रीचा नफा मात्र त्याच वर्षी जमा होतो. आणि अकादमीतल्या पोरावर वहीत खरेदीची किंमतच नसते, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी रक्कम नफा! तोटा भरून काढायला व्यवस्थापनाचा हात सगळ्यात आधी त्याच्याकडे जातो तो यामुळे. मला याचा फार राग येतो. ज्याच्यात गावाला आपलं पोरगं दिसतं, तोच कागदावर सगळ्यात सोयीचा ठरतो. पण ‘त्याला का विकलं’ असं विचारलंस, तर ‘ऑफर चांगली होती’ एवढंच उत्तर येईल. ‘खड्डा कशामुळे पडला’ असं विचार. पगारावर उत्पन्नाचा किती वाटा जातो? तीन वर्षं बाकावर बसलेल्यांचे करार कुणी वाढवले? क्लब मालकाचं व्याज फेडतोय का? मँचेस्टर युनायटेड 2005 मध्ये विकला गेला, तेव्हा खरेदीच्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर आला. विकल्या गेलेल्या क्लबनेच स्वतःची किंमत फेडायची, असा तो व्यवहार.

2010 च्या सुमारास तिथले चाहते क्लबच्या जन्मकाळचे हिरवे-सोनेरी मफलर घालून स्टँडमध्ये बसायचे. फार देखणा निषेध होता, पण मालक हलले नाहीत. हे तुला आत्ताच सांगितलेलं बरं.

आता लिव्हरपूलचं मैदान, अ‍ॅनफिल्ड बघ. फेब्रुवारी 2016, लिव्हरपूल 2-0 ने पुढे. पुढच्या हंगामात सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचं करायचं ठरलं होतं. 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून बाहेर गेली. सामना 2-2 सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. मागणी एकच, आकड्यातली, आणि ती मान्य झाली की नाही हे कुणालाही कळेल अशी. ‘मालक हटाव’ला ते कानाडोळा करू शकतात. 77 ला करता आला नाही.

जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सदस्यांकडेच राहतं. तरीही 2024 च्या सुरुवातीला लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला विकायचं घाटत होतं. चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आठवड्यामागून आठवडे. फेब्रुवारीत लीगने तो बेत सोडला. नियम त्यांच्या बाजूने होता, पण राबवायला माणसंच लागली.

तुझ्या शेजारच्या खुर्च्यांवर वर्षानुवर्षं तीच माणसं बसतात ना? त्यांच्यात कुणीतरी हिशेबनीस असेल, कुणी वकील. पुढच्या सामन्याला अर्धा तास आधी जा आणि विचारून बघ. तोवर क्लबचा मागच्या तीन वर्षांचा वार्षिक अहवाल मिळव. पगाराची रक्कम आणि एकूण उत्पन्न एका कागदावर उतरवून मला पाठव, आपण दोघं बसून बघू. त्या मिडफिल्डरचा शर्ट मात्र टाकून देऊ नकोस.

तुझा,
जुन्या स्टँडमधला सोबती