दुकानाचा अँटिव्हायरस: फुकट कुठे, पैसे कुठे

सांगलीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. टॅली आणि बिलिंगचे तीन कॉम्प्युटर आहेत. घरच्या लॅपटॉपवरचा मोफत अँटिव्हायरस दुकानात टाकला तर चालेल का?

बहुधा नाही. अवास्ट, एव्हीजी यांच्या मोफत आवृत्त्या फक्त घरगुती वापरासाठी आहेत. ते लिहिलेलं असतं लायसन्सच्या त्या लांबलचक मजकुरात, जो आपण न वाचता ‘आय अॅग्री’ करतो.

पण तुम्हाला त्यांची गरजच काय? विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो आणि तो धंद्यातही चालतो. नवीन लॅपटॉपसोबत आलेलं मुदत संपलेलं ट्रायल अँटिव्हायरस तेवढं काढून टाका, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागेल. मग ‘विंडोज सिक्युरिटी’त जाऊन ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ (अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फाइली बदलू न देणारा पहारा) सुरू करा, कारण तो मुळात बंद असतो. त्यात टॅलीचं डेटा फोल्डर घाला आणि टॅलीला परवानगी द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी बिल सेव्ह होईना म्हणून मलाच शिव्या द्याल. विंडोज १० साठी नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत. मशीनला झेपत असेल तर ११ वर जा.

आमचा कॉम्प्युटरवाला २०० रुपयांत ‘लाइफटाइम की’ देतो. घेऊ का?

नको. नामांकित कंपन्यांचा अँटिव्हायरस सहसा वर्षाच्या हिशेबाने विकला जातो. आयुष्यभराची की म्हणजे बहुतेक वेळा चोरीची किंवा क्रॅकची, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली. क्रॅक टाकण्याआधी ‘अँटिव्हायरस जरा बंद करा’ असं सांगतात ना, तिथेच चोराला दार उघडलं जातं. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब आहे: चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. न्यायालयाला कैद माफ करता येते, पण धंद्यासाठी वापर नसेल तरच. म्हणजे दुकानदाराला ती पळवाट नाही.

पक्कं बिल मागा. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक दराने कर भरायची सोय) नसाल, तर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही मिळतं.

सीएचं ऑफिस, बारा माणसं. विकतचं घ्यावंच का?

हो. पक्षकारांचे पॅन, बँकेचे तपशील तुमच्याकडे असतात. बारा कॉम्प्युटरांवर डिफेंडर चालू आहे की नाही हे रोज फिरून कोण बघणार? एका स्क्रीनवर सगळं दिसेल असं घ्या. पुण्याच्या क्विक हीलचं सेक्राइट, मुंबईचं ईस्कॅन, मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर फॉर बिझनेस हे पर्याय आहेत. दर विचारताना दुसऱ्या वर्षाचा रिन्युअलचा दरही लेखी घ्या. पहिल्या वर्षाच्या सवलतीवर भुलू नका. आणि एक बॅकअप असा ठेवा, जो काम झालं की कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेला असेल.

पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरल्याचा संशय आहे. फुकट तपासता येईल?

येईल. आधी डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत टूल मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र स्कॅन नंतर, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन.