सूरशंका : गाणं मध्येच पट्टी बदलतं तेव्हा

या अंकात पट्टी बदलणाऱ्या गाण्यांविषयीचे पाच प्रश्न घेतले आहेत. गाण्याचा सा जिथे धरतो ती त्याची पट्टी. पट्ट्यांची नावं पेटीवरचीच वापरली आहेत, म्हणजे पांढरी एक ही इंग्रजीतली C, काळी एक ही C#, पांढरी दोन ही D. 'एक पट्टी वर' म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी.

प्रश्न : आमच्या कराओके गटात इंग्रजी गाणीही होतात. शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी चढली की निम्मे जण बेसूर होतात. ट्रॅक कितीदा ऐकला तरी ती उडी पकडता येत नाही. (एक वाचिका, धरमपेठ)

ट्रॅक ऐकून उडी पाठ होत नाही. उडीच्या आधी गळ्यात असलेला एखादा स्वर पकडा आणि नव्या पट्टीत तो कोण होतो, ते शोधा. पेटी घ्या आणि पांढरी एकला सा धरा.

एक पट्टी वर जायचं असेल तर जुना सा हाच नव्या पट्टीतला शुद्ध नी. तो लांबवा, नी म्हणा आणि नी-सा असं चढा. मायकेल जॅक्सनचं 'मॅन इन द मिरर' असंच पांढरी पाचवरून काळी चारला जातं.

दोन पट्ट्या वर जायचं असेल तर जुना पंचम (प) हा नवा मध्यम (म) होतो. त्यावरून म-ग-रे-सा असं उतरलं की नवा सा हाती येतो. व्हिटनी ह्यूस्टनचं 1992 मधलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' पांढरी सहावरून पांढरी सातला जातं. तिथे क्षणभर सगळी वाद्यं थांबतात, ड्रमचा एक ठोका पडतो आणि आवाज थेट नव्या पट्टीत लागतो. त्या शांततेत मनातल्या मनात म-ग-रे-सा म्हणून घ्या.

तीन पट्ट्यांना जुना पंचम नवा गंधार होतो, म्हणजे ग-रे-सा. बॉन जोव्हीच्या 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'मध्ये (1986) शेवटचं ध्रुवपद पांढरी पाचवरून काळी पाचला चढतं. पण तिथे चुकतं ते बहुधा मात्रांमुळे. वर जाण्याआधीच्या आवर्तनात चारऐवजी तीनच मात्रा आहेत. चार मोजणारा गायक सूर बरोबर असूनही उशिरा पोहोचतो आणि बेसूर झाल्यासारखा वाटतो. आधी टाळ्या देऊन तेवढा तुकडा मोजून घ्या.

चार पट्ट्यांना जुना शुद्ध गंधार हाच नवा सा. 'माय हार्ट विल गो ऑन' पांढरी तीनवरून काळी चारला जातं ते असंच. सापडायला ही उडी सोपी, पण गळ्याला सगळ्यात जड.

आता निम्मे जण का घसरतात ते पाहा. पांढरी एक आणि काळी एक या पट्ट्यांच्या शुद्ध सप्तकांत सातांपैकी दोनच स्वर सामाईक आहेत. पांढरी एक आणि पांढरी दोन यांत पाच आहेत. म्हणून अंतर लहान असूनही एका पट्टीची उडी जास्त फसवते. पहिली ओळ नीट लागते आणि दुसऱ्या ओळीला कान जुन्या सा कडे ओढतो. यावर उपाय म्हणजे शब्द बाजूला ठेवून आकारात (नुसतं 'आ' म्हणत) मुखडा जुन्या पट्टीत, लगेच नव्या पट्टीत आणि पुन्हा जुन्या पट्टीत गाणं. पेटीवर फक्त उडीची जागा वाजवा, बाकी पेटी बंद. जॉनी कॅशनं 'आय वॉक द लाइन'मध्ये (1956) प्रत्येक कडव्याआधी नवा स्वर उघडपणे गुणगुणून घेतला आहे. तुम्हीही बिनदिक्कत गुणगुणा.

प्रश्न : पट्टी चढणारं गाणं कुठल्या पट्टीत सुरू करावं? (नंदनवन)

शेवटाकडून मोजत या. एखाद्या मुलीला सरळ गाणं पांढरी सहाला सोयीचं असेल आणि गाणं शेवटी दोन पट्ट्या चढत असेल, तर सुरुवात पांढरी पाचला करा. मात्र सुरुवातीच्या ओळीतला सगळ्यात खालचा स्वर स्पष्ट लागतो का, तेही तपासा. तो पुटपुटल्यासारखा येत असेल तर एकच पट्टी उतरा किंवा सरळ चढ गाळा. आमच्या मते ओढूनताणून घेतलेल्या चढापेक्षा एका पट्टीत स्वच्छ गायलेलं गाणं केव्हाही चांगलं. बियॉन्सेचं 'लव्ह ऑन टॉप' पांढरी एकवरून एकेक पट्टी असं चार वेळा चढून पांढरी तीनला पोहोचतं. असं गाणं हिशेबाशिवाय हाती घेऊच नका.

ट्रॅक खाली करताना वेग कायम राहील अशीच सोय वापरा. तीन-चार पट्ट्यांपलीकडे नेलात तर झांजा आणि कोरस पोकळ वाटू लागतात. कीबोर्डवाल्यांनी गाणं चालू असताना ट्रान्सपोजचं बटण दाबू नये. अनेक कीबोर्डवर दाबून धरलेले स्वर जुन्याच पट्टीत राहतात, नवे वरच्या पट्टीत वाजतात आणि दोन्ही एकमेकांवर आदळतात. पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणायचं राहून जातं ते वेगळंच. शेवटचं ध्रुवपद नव्या पट्टीत बोटांना शिकवणं हाच खरा मार्ग. गिटारवाल्यांनी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) सरकवत बसू नये, शेवटाला बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरलेल्या कॉर्ड) घ्याव्यात.

प्रश्न : मी काळी एकला गातो, पत्नी काळी चारला. युगुलगीतात दोघांपैकी एकाला ओढाताण होतेच. कडव्याकडव्याला पट्टी बदलली तर चालेल का? (महाल)

चालेल, आणि तुमची जोडी त्यासाठी फार सोयीची आहे. काळी चार म्हणजे तुमचा पंचमच. तुमच्या सा-प मध्ये लावलेला तानपुरा वहिनींना सा-म होतो, म्हणून तो बदलावा लागत नाही. फक्त गाण्यात तीव्र मध्यम ठळक असेल तर त्यांच्या कडव्यात तानपुरा बंद ठेवा. तुमची ओळ पंचमावर संपवा, त्या तोच स्वर सा म्हणून उचलतील. परतताना त्यांनी मध्यमावर थांबावं, तो तुमचा सा.

पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीचा पाया असाच आहे. गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत, वेगवेगळे राग गातात. आभोगीचे स्वर (सा रे कोमल ग म ध) मध्यमाला सा मानून मोजा, कलावती मिळतो. म्हणजे दोघं पट्टीनं वेगळे असूनही पेटीवरच्या त्याच पाच पट्ट्यांवर फिरत असतात.

प्रश्न : पट्टी बदलली की तबला बेसूर वाजतो. त्यात मे महिन्यात कूलरसमोर तो गाण्याआधीच उतरतो. काय करावं? (मानेवाडा)

आधी कूलर. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यात पुडी (तबल्याचं चामडं) ताणून सूर चढतो. वाळ्याच्या कूलरचा दमट झोत लागला की तीच पुडी ओलावा धरून सैल पडते. म्हणून खोलीत सुरात मिळवलेला तबला मंचावर उतरतो आणि दिव्यांखाली तापून पुन्हा चढतो. अर्धा तास आधी तबला मंचावर, झोताच्या बाहेर ठेवा आणि तिथेच मिळवा. मधल्या वेळात पुडीवर गादी ठेवा.

आता पट्टी. सा मध्ये मिळवलेला तबला गाणं मध्यमावर गेलं तरी नव्या पट्टीचा पंचम म्हणून खपतो, आणि पंचमावर गेलं तर मध्यम म्हणून. एक किंवा दोन पट्ट्या चढल्या की मात्र चाट (पुडीची सुरात वाजणारी कड) उघडी पडते. सोळा घरांचा तबला गाण्याच्या मधल्या संगीतात मिळवून होत नाही. गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या गोफावर) घाईनं हातोडी मारलीत तर एक बाजू चढते, दुसरी तशीच राहते आणि शेवटपर्यंत तबला दोन सुरांत बोलतो. दुसरा तबला नव्या पट्टीत मिळवून, झाकून शेजारी ठेवा. तो नसेल तर शेवटच्या ध्रुवपदाला चाटेचे खुले बोल टाळा, डग्गा आणि बंद बोलांवर ठेका धरा किंवा ढोलक घ्या. खंजिरीला ही अडचण नाही, तिला ठरावीक सूर धरून ठेवायचा नसतो.

प्रश्न : रागमालेत राग बदलतो, ती पट्टीच बदललेली समजायची का? (वाडी)

नाही. 'कुहू कुहू बोले कोयलिया'मध्ये सोहनी, बहार, जौनपुरी आणि यमन असे चार राग येतात, पण सा जागचा हलत नाही. ओळखण्यासाठी मोबाईलवर तानपुरा लावा आणि गाणं सुरू होताना सा पकडून तोंड मिटून गुणगुणत राहा. राग बदलला तर रंग बदलेल, तरी तुमचा सा गाण्यात बसलेला राहील आणि मुखडा त्याच्यावरच परत येईल. पट्टी बदलली तर तो टोचू लागतो आणि चाल दुसऱ्याच स्वरावर विसावते. तो विसाव्याचा स्वर पेटीवर शोधा, जुन्या 'सा'पासूनच्या पट्ट्या मोजा आणि पहिल्या उत्तरातला हिशेब लावा.